एकविसाव्या वर्षाची मोजणी : अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ६ चे परीक्षण

१

वयाचा प्रश्न न्यायशास्त्रात वरवर पाहता केवळ गणिताचा वाटतो. जन्मतारीख ठाऊक असली म्हणजे वजाबाकी करून वय काढता येते, आणि ते कायद्याने आखलेल्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच पाहावयाचे उरते. परंतु वजाबाकीस दोन तारखा लागतात. जन्माची तारीख ही त्यांपैकी एक. दुसरी कोणती धरावयाची हे कायद्यानेच सांगावे लागते. अपराध घडला तो दिवस, अटक झाली तो दिवस, दोषारोप ठेवला गेला तो दिवस, की निकाल लागला तो दिवस? या चार दिवसांमध्ये चार-चार, पाच-पाच वर्षांचे अंतर पडणे आपल्याकडे अपवादात्मक नाही. यास्तव दुसऱ्या तारखेची निवड ही गणिताची बाब न राहता न्यायाची बाब होते. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ याच्या कलम ६ मध्ये ही निवड ज्या रीतीने झाली आहे, तिचे परीक्षण करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

अल्पवयीन अपराध्यांविषयी आपल्या समाजात चर्चा होते ती बहुधा अठरा वर्षांच्या आतील मुलांविषयी होते. दिल्लीतील २०१२ च्या घटनेनंतर झालेला वाद, त्यातून निघालेला २०१५ चा बाल न्याय अधिनियम, आणि मे २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन चालकाच्या मोटारीखाली दोन तरुणांचा मृत्यू झाल्यावर त्याला जामिनासोबत तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितले गेले म्हणून उसळलेला क्षोभ, ही त्याची अलीकडील उदाहरणे होत. या गदारोळात अठरा ते एकवीस या वयोगटाकडे मात्र कोणाचे लक्ष गेल्याचे दिसत नाही. या मुलांसाठी कायद्याने फार पूर्वीच एक संरक्षण निर्माण केले आहे. ते संरक्षण कालगणनेच्या एका नियमामुळे पुष्कळ प्रसंगी निष्फळ ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

आरंभी एक खुलासा करणे अवश्य आहे. पुढे ज्या न्यायनिर्णयांचा परामर्श घेतला आहे ते वकीलवर्गात आरोपींच्या नावांनीच ओळखले जातात. ज्या कायद्याचा हेतू तरुणाच्या नावावरील डाग टिकू नये हा आहे, त्याच्या चर्चेत ती नावे पुन्हा छापणे प्रशस्त वाटत नाही. म्हणून निर्णयांचा निर्देश सालाने केला आहे. अभ्यासकांस ते ओळखण्यास अडचण पडणार नाही.

२

एकवीस ही मर्यादा आपल्याकडे कोठून आली हे प्रथम पाहिले पाहिजे. १८९४ च्या कारागृह अधिनियमातच ठराविक वयाखालील पुरुष बंद्यांना इतरांपासून पूर्णपणे वेगळे ठेवण्याची तरतूद होती. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६२ मध्ये, १९२३ च्या दुरुस्तीनंतर, प्रथमच दोषी ठरलेल्या एकवीस वर्षांखालील व्यक्तीस चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्यासंबंधी अधिक उदार नियम आला. इंग्लंडात केंट परगण्यातील बोर्स्टल या गावी १९०२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाला १९०८ च्या कायद्याने मान्यता मिळाली होती. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीनंतर तोच विचार इकडे रुजला, आणि मद्रास (१९२५), पंजाब (१९२६), मध्यप्रांत (१९२८) व मुंबई (१९२९) येथे बोर्स्टलविषयक कायदे झाले.

बुलढाणा जिल्हा हा वऱ्हाडचा भाग असल्याने त्याचा संबंध मध्यप्रांताच्या व्यवस्थेशी, म्हणजे नरसिंहपूरच्या बोर्स्टल संस्थेशी होता. मुंबई इलाख्याची अशीच संस्था धारवाड येथे होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा नरसिंहपूर मध्यप्रदेशात राहिले, धारवाड म्हैसूर राज्यात गेले, आणि वऱ्हाड मुंबई राज्यात आले. नव्या सीमांनी अशा रीतीने दोन्ही जुन्या संस्था मराठी प्रदेशाबाहेर ठेवल्या. आज महाराष्ट्रात या परंपरेची खूण म्हणून नाशिकचे किशोर सुधारालय आहे. मोताळ्याहून ते तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. शेतमजुरी करणाऱ्या बापाने मुलास भेटावयास जावयाचे म्हटले तर किमान दोन दिवसांची मजुरी बुडवून आणि वाटखर्च करूनच त्याला जाता येईल.

संस्थांचा हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, ज्या काळात संस्था दुरावत होत्या त्याच काळात कायद्याने दुसरी वाट काढली. मुलास संस्थेत पाठविण्याऐवजी त्याच्या गावीच, देखरेखीखाली ठेवावे, ही ती वाट. १९५८ चा अधिनियम हे तिचे अखिल भारतीय रूप होय.

३

या अधिनियमाची चार कलमे आपल्या प्रयोजनापुरती पाहू. कलम ३ अन्वये चोरीसारख्या काही अपराधांत, तसेच दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या अपराधांत, पूर्वी दोषी न ठरलेल्यास समज देऊन सोडता येते. कलम ४ अन्वये मृत्युदंड वा आजन्म कारावास ज्यांस नाही अशा अपराधांत बंधपत्रावर, तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, सोडता येते. ही दोन्ही कलमे सर्व वयाच्या अपराध्यांना लागू आहेत. मात्र ती वापरावयाची की नाही हे न्यायालयाच्या विवेकावर सोपविले आहे. कलम ६ ची भाषा वेगळी आहे. आजन्म कारावासास पात्र नसलेल्या अपराधात एकवीस वर्षांखालील व्यक्ती दोषी ठरली तर तिला कारावास देऊ नये, असा तेथे न्यायालयास प्रतिबंधच केला आहे. कारावास द्यावयाचाच झाला तर कलम ३ किंवा ४ चा उपयोग करणे का इष्ट नाही याची कारणे लिहिली पाहिजेत, आणि तत्पूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून त्याचा विचार केला पाहिजे. कलम १२ नुसार कलम ३ वा ४ अन्वये सुटलेल्यास दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही.

कलम ४ आणि कलम ६ यांतील भेद वरवरचा नाही. एकविशीच्या पलीकडे आरोपीने न्यायालयास पटवावयाचे असते की आपणांस सोडणे योग्य आहे. एकविशीच्या अलीकडे न्यायालयानेच स्वतःस पटवावयाचे असते की कारावासावाचून गत्यंतर नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६१ ने, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०२ ने, परिवीक्षा शक्य असूनही न दिल्यास विशेष कारणे लिहिण्याचे बंधन घातले आहे हे खरे. तथापि अहवाल मागविण्याची सक्ती आणि कारावासाविरुद्धचा स्पष्ट प्रतिबंध हे कलम ६ चेच वैशिष्ट्य आहे.

आता दुसऱ्या तारखेकडे वळू. १९६२ मध्ये बिहारमधून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न उपस्थित झाला. कलम ६ साठी वय मोजावयाचे ते अपराधाच्या दिवसाचे नव्हे, तर विचारण न्यायालय आरोपीस दोषी ठरवून त्याच्या शिक्षेचा विचार करते त्या दिवसाचे, असा निर्णय झाला. या निर्णयाची एक बाजू उदार आहे हे मान्य केले पाहिजे. अपील चालू असताना आरोपीने एकविशी ओलांडली तरी त्याचे संरक्षण जात नाही, हे त्यामुळे निश्चित झाले. शिवाय कलमाच्या शब्दांशी हे वाचन जुळते. ‘एकवीस वर्षांखालील’ हे विशेषण दोषी ठरणाऱ्या व्यक्तीस लागते, अपराध करणाऱ्या व्यक्तीस नव्हे. व्याकरणाच्या दृष्टीने या निर्णयावर आक्षेप घेता येत नाही.

आक्षेप आहे तो प्रयोजनाच्या दृष्टीने. पुढे १९६४ मध्ये त्याच न्यायालयाने या अधिनियमाचा अर्थ लावताना किती मोकळेपणा दाखविला हे पाहण्यासारखे आहे. तेथे सोळा वर्षांच्या मुलास सहा महिन्यांची शिक्षा झाली होती. अपराध क्षुल्लक नव्हता. घरात शिरून एका सात वर्षांच्या बालिकेच्या विनयभंगाचा तो प्रयत्न होता. ज्या प्रदेशातील तो खटला होता तेथे हा अधिनियम लागू झाला तो मुलास शिक्षा झाल्यानंतर. तरीसुद्धा हा कल्याणकारी कायदा असल्याने अपील न्यायालयाने त्याचा लाभ द्यावयास हवा होता, असे न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी बहुमताच्या निर्णयात ठरविले. न्यायमूर्ती रघुबर दयाळ यांचे मत भिन्न होते. शिक्षेच्या दिवशी जो कायदा त्या प्रदेशात नव्हताच त्याचा लाभ मुलास मिळू शकतो, परंतु अपराधाच्या दिवशी जे वय आरोपीजवळ निश्चितपणे होते त्याचा लाभ त्यास मिळू शकत नाही, अशी विसंगती या दोन निर्णयांच्या शेजारामुळे निर्माण झाली. तिच्याकडे द्यावे तितके लक्ष दिले गेले नाही.

४

नियमाचे खरे स्वरूप तो कोठे लागू होतो हे पाहिल्यावाचून कळत नाही. राजधानीतील न्यायालयात बसून जी कालगणना निरुपद्रवी वाटते ती तालुक्यात आणून पाहावी.

मोताळा हा बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांपैकी एक. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. कापूस, सोयाबीन आणि मका यांवर तालुक्याचा निर्वाह चालतो. आपण एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्यातील एखाद्या गावच्या जत्रेत भांडण झाले, काठ्या चालल्या, एकास दुखापत झाली. बोराखेडी ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. आरोपी दोन, दोघेही एकोणीस वर्षांचे, दोघांचीही ही पहिलीच वेळ. धोकादायक साधनाने दुखापत करण्याचा हा अपराध. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

पहिल्या मुलाने दोषारोप वाचून दाखविताच गुन्हा कबूल केला. निकाल लागला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. कलम ६ त्यास लागू झाले. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आला, आणि बंधपत्रावर तो घरी गेला. दुसऱ्या मुलाचे म्हणणे असे की, आपण भांडण सोडवावयास गेलो होतो, काठी आपण मारलीच नाही. म्हणून त्याने गुन्हा नाकारला. त्याचा खटला चालू राहिला. तालुक्यात खटला कसा चालतो हे येथे सांगावयास नको. पंच कापसाच्या वेचणीत अडकलेला असतो. साक्षीदार कामासाठी परगावी गेलेला असतो आणि त्याचे समन्स परत येते. तपास करणारे अंमलदार बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असतात. दुखापतीचा दाखला देणारे डॉक्टर तारखेस हजर राहू शकत नाहीत. तारखेवर तारीख पडते. अखेर निकाल लागतो तेव्हा दुसरा मुलगा तेवीस वर्षांचा झालेला असतो. न्यायालयास त्याचे म्हणणे पटले नाही आणि तो दोषी ठरला. त्यास आता कलम ६ लागू नाही.

एकाच दिवशी, एकाच वयात, एकाच प्रसंगी घडलेल्या कृत्याबद्दल दोघांस कायद्याने दोन वेगळ्या दारांत उभे केले. फरक इतकाच की दुसऱ्याने आपला बचाव करण्याचा हक्क बजावला. ज्या नियमामुळे कबुली देणाऱ्यास संरक्षण मिळते आणि बचाव करणाऱ्याचे संरक्षण दिरंगाईबरोबर झिजत जाते, तो नियम कबुलीसाठी अप्रत्यक्ष दडपणच निर्माण करतो. निरपराध मुलाचा वकील त्यास काय सल्ला देईल याचा विचार करावा. आता कबूल कर, म्हणजे वय तुझ्या बाजूस आहे; लढशील तर वय निघून जाईल. हा सल्ला व्यवहारदृष्ट्या चुकीचा ठरणार नाही, आणि दोष आहे तो नेमका तेथेच.

या कल्पित उदाहरणातील एक गोष्ट मात्र कल्पित नाही. या भागातील अनेक तरुणांची आशा पोलीस भरतीवर, सैन्यभरतीवर खिळलेली असते. पहाटे डांबरी रस्त्याने धावणारी मुले कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसतात. चारित्र्य पडताळणीत खटल्याची नोंद अडथळा ठरतेच. तथापि कलम १२ चे कवच असणे आणि कारावासाची शिक्षा भोगून आलेला असणे, यांत त्या मुलाच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. ते अंतर साक्षीदाराच्या गैरहजेरीने ठरावे हे न्याय्य म्हणता येणार नाही.

५

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात, आणि ते दुबळे नाहीत.

पहिला असा की, परिवीक्षा हा उपचार आहे, आणि उपचार करावयाचा तो आजच्या माणसावर. तुरुंगातील निर्ढावलेल्या गुन्हेगारांच्या संगतीपासून कोवळ्या वयाच्या मुलास वाचविणे हा कलमाचा हेतू असेल, तर जो आज सव्वीस वर्षांचा आहे त्याला त्या संगतीचे तेवढे भय नाही. या युक्तिवादात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. कायदा एकवीस वर्षांखालील मुलास वेगळे वागवितो ते केवळ तो संगतीने बिघडेल म्हणून नव्हे. त्या वयात केलेल्या कृत्यामागील समज आणि संयम अपुरा असतो हेही त्याचे कारण आहे. संगतीचे भय निकालाच्या दिवशी मोजावे हे ठीक. समज मात्र कृत्याच्या दिवशीच मोजली पाहिजे. शिवाय मधल्या पाच-सहा वर्षांत त्या तरुणाने दुसरा गुन्हा केला नसेल, काम धरले असेल, संसार मांडला असेल, तर त्यास तुरुंगात न पाठविण्याचे कारण वाढले म्हणावयाचे की घटले?

दुसरा आक्षेप असा की, अपराधाच्या दिवसाचे वय धरल्यास आरोपी खटला मुद्दाम लांबवतील. वस्तुतः परिणाम उलट होईल. कृत्याच्या दिवशीचे वय हे गोठलेले वय आहे. खटला लवकर संपो वा उशिरा, ते बदलत नाही. दिरंगाईने कोणाचे काही साधत नाही किंवा बिघडत नाही. दिरंगाईस मोल येते ते आजच्या नियमाने, आणि तेही आरोपीच्या विरुद्ध.

तिसरा आक्षेप अपराधपीडितांचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. डोके फुटलेल्या माणसाने काय समजावयाचे? मारणारा एकोणीस वर्षांचा होता म्हणून तो घरी, आणि दवाखान्याचे बिल मात्र आपल्या माथी? येथे कलम ५ ची आठवण करून द्यावीशी वाटते. परिवीक्षेवर सोडताना नुकसानभरपाई व खर्च देण्याचा हुकूम करण्याचा अधिकार त्या कलमाने न्यायालयास दिला आहे. शिक्षेमुळे आरोपी तुरुंगात जातो, पण जखमीच्या हाती काही पडत नाही. मुलगा गावात राहून कमावता राहिला तर भरपाई तरी वसूल होऊ शकते. तसेच हेही लक्षात ठेवावे की आजन्म कारावासास पात्र असलेले अपराध कलम ६ च्या कक्षेबाहेरच आहेत. वयाच्या मोजणीत बदल केल्याने खुनी वा बलात्कारी परिवीक्षेवर सुटतील, ही भीती निराधार आहे.

६

आपण सुचवितो आहोत ती गोष्ट अपूर्व आहे काय? मुळीच नाही. मुलांच्या बाबतीत हाच प्रश्न आपल्याच सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. २००० मध्ये त्या न्यायालयाने असे म्हटले की, मुलास सक्षम अधिकाऱ्यापुढे प्रथम हजर करण्यात येते त्या दिवसाचे वय धरावे. २००५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते मत बाजूस सारून अपराधाच्या दिवसाचे वय हेच निर्णायक ठरविले. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातही तेच तत्त्व आहे. परिणामी आज अशी स्थिती आहे की, अपराधाच्या दिवशी सतरा वर्षे अकरा महिन्यांचा असलेला मुलगा पुढे तीस वर्षांचा झाला तरी कायद्याच्या दृष्टीने ‘बालक’ म्हणूनच त्याचा विचार होतो. त्याच्या शेजारी उभा असलेला अठरा वर्षे एक महिन्याचा मुलगा मात्र न्यायालयाच्या तारखांबरोबर वाढत जातो. एकाचे वय कायद्याने थांबविले आहे, दुसऱ्याचे धावू दिले आहे. यास तत्त्व म्हणता येत नाही.

परदेशांतील उदाहरणे याच दिशेने जातात. जर्मनीच्या १९५३ च्या युवक न्यायालय कायद्यात अठरा ते एकवीस या वयोगटाची व्याख्या कृत्याच्या वेळच्या वयावरून केलेली आहे, आणि त्या वेळची नैतिक व बौद्धिक परिपक्वता पाहून त्यास मुलांचा कायदा लावता येतो. नेदरलँड्समध्ये २०१४ पासून ही मर्यादा तेवीस वर्षांपर्यंत नेण्यात आली. आपला १९५८ चा अधिनियम जर्मन कायद्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी झाला. मोजणीचा दिवस निश्चित करण्यापुरते एक वाक्य त्यात असते, तर १९६२ चा वादच उद्भवला नसता.

आपल्याकडे सुधारणेचे प्रसंग आले नाहीत असेही नाही. १९८० ते १९८३ या काळात न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अठरा ते एकवीस या वयाच्या तरुणांस प्रौढांच्या तुरुंगात ठेवू नये, असे सुचविले होते. २०२३ मध्ये तिन्ही फौजदारी कायद्यांची पुनर्रचना झाली आणि १ जुलै २०२४ पासून नवे कायदे अमलात आले. किरकोळ चोरीसारख्या काही अपराधांसाठी सामुदायिक सेवेची शिक्षा त्यात प्रथमच आली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु जुन्या कलम ३६० च्या जागी आलेल्या कलम ४०१ मध्ये एकवीस वर्षांची मर्यादा आणि ‘दोषी ठरल्यावर’ ही रचना जशीच्या तशी उतरली. कायद्याचे नाव बदलले. मोजणीचा दिवस बदलला नाही.

उपेक्षेचे आणखी एक चिन्ह सांगितले पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग तुरुंगांची जी वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध करतो तीत अठरा ते तीस हा एकच वयोगट असतो. अठरा ते एकवीस या वयाचे किती तरुण आज तुरुंगात आहेत, हे त्या तक्त्यावरून सांगता येत नाही. ज्यांच्यासाठी स्वतंत्र कलम केले त्यांची स्वतंत्र मोजदादही ठेवली जात नसेल, तर ते कलम कितपत पाळले जाते हे कळावे कसे?

७

या विवेचनातून निघणारी सूचना लहान आहे. कलम ६ मध्ये, आणि त्याच न्यायाने कलम ४०१ मध्ये, वय हे अपराध घडला त्या दिवसाचे धरावे असे स्पष्टीकरण जोडण्यात यावे. फौजदारी कायदा व प्रक्रिया हे विषय समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्र विधानमंडळासही हे करता येईल. संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. दुरुस्ती होईपर्यंत एक व्यावहारिक उपाय दंडाधिकाऱ्यांच्या हाती आहे. आरोपपत्र दाखल होताच शाळेच्या दाखल्यावरून आरोपीची जन्मतारीख नोंदवून घ्यावी, आणि तो एकविशीच्या आत असेल तर त्याचा खटला अग्रक्रमाने चालवावा. तो एकविशीच्या पलीकडे गेलाच, तर कलम ४ खालील आपला विवेक वापरताना अपराधाच्या वेळचे वय हे वजनदार कारण मानावे. यास कोणत्याही निर्णयाची आडकाठी नाही.

केवळ मोजणीचा दिवस बदलल्याने सर्व साधेल असा दावा नाही. अहवाल लिहिणारा परिवीक्षा अधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी बसतो आणि तेरा तालुके त्याच्या वाट्यास येतात. तो मोताळ्याच्या एखाद्या खेड्यात जाऊन मुलाचे घर, त्याची शाळा, त्याची संगत पाहू शकला नाही, तर अहवाल हा छापील नमुनाच राहील. संस्थांचा, माणसांचा व पैशाचा प्रश्न शेष राहतोच. परंतु त्या सर्वांस पैसा लागतो. या एका दुरुस्तीस लागत नाही. आपल्या विद्यापीठांतील विधी व समाजशास्त्र विभागांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातील निकालपत्रे घेऊन अपराधाच्या दिवसाचे वय व निकालाच्या दिवसाचे वय अशी दोन रकान्यांची यादी केली, तर या लेखातील प्रतिपादनाची कसोटी लागेल. ती कसोटी लागावी अशीच इच्छा आहे.

एकोणीस वर्षांच्या मुलाने केलेल्या चुकीचा जाब एकोणीस वर्षांच्या मुलाकडेच मागितला पाहिजे. न्यायालयाच्या विलंबाने त्यास प्रौढ करावे, आणि मग प्रौढ म्हणून त्यास तुरुंगात पाठवावे, हा १९५८ च्या विधिकर्त्यांचा हेतू खास नव्हता.